साथ, भीती आणि विम्याचा हप्ता

आयुर्विमा आपणहून घेणारा माणूस विरळा, तो गळ्यात मारावा लागतो, असे विमा एजंट खासगीत सांगतात. कोरोनाच्या साथीत त्यांचे हे म्हणणे काही काळ खोटे ठरले. २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या पुण्यातल्या सोसायटीत ज्यांनी मेडिक्लेमचा विषय वर्षानुवर्षे टाळला होता, तेच लोक कोणती पॉलिसी घ्यावी हे एकमेकांना विचारू लागले. टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यांत एजंटांना घरोघरी जाता येत नसल्यामुळे आयुर्विम्याचा नवा धंदा मात्र घसरला होता. मागणी मनात होती, पण ती कागदावर उतरवणारा माणूस घरात अडकला होता.

लोकांना हवे होते ते मुख्यतः एकाच आजाराविरुद्धचे संरक्षण. विमा नियामकाने जुलै २०२० मध्ये 'कोरोना कवच' आणि 'कोरोना रक्षक' या पॉलिसी बाजारात आणवल्या, त्या याच मागणीला उत्तर म्हणून. कवचाची मुदत साडेतीन, साडेसहा किंवा साडेनऊ महिने होती आणि विमा रक्कम ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत घेता येत असे. रक्षकमध्ये किमान ७२ तास रुग्णालयात राहावे लागल्यास ठरलेली रक्कम एकरकमी मिळत असे. त्याच वर्षी १ एप्रिलपासून उपलब्ध झालेली 'आरोग्य संजीवनी' ही नेहमीची आरोग्य पॉलिसी कोरोनासह इतर आजारांवरही चालत होती. तरीही अनेकांची नजर नावात 'कोरोना' असलेल्या पॉलिसीवर खिळली. भीती माणसाला विमा घ्यायला लावते खरी, पण ती समोर दिसणाऱ्या संकटापुरताच विचार करू देते, हे माझे त्या काळातले मुख्य निरीक्षण आहे.

दुसऱ्या लाटेनंतर मागणी आणखी तीव्र झाली, तेव्हा दार दुसऱ्या बाजूने आखडले गेले. नुकत्याच बऱ्या झालेल्या व्यक्तीला कंपन्या काही महिने थांबायला सांगू लागल्या आणि पुनर्विमा कंपन्यांनी, म्हणजे विमा कंपन्यांची जोखीम आपल्याकडे घेणाऱ्या कंपन्यांनी, दर वाढवल्यामुळे टर्म प्लॅन, म्हणजे केवळ मुदतीत मृत्यू झाल्यास रक्कम देणारे आयुर्विमे, महागले. ज्याने मृत्यू जवळून पाहिला, त्यालाच विमा मिळणे अवघड झाले. विम्याच्या गणितात हे स्वाभाविकच आहे. घर पेटल्यावर आगीचा विमा कोण देईल?

देशातील विमा हप्त्यांचे सकल देशांतर्गत उत्पन्नाशी (जीडीपीशी) असलेले प्रमाण २०१९-२० मधील ३.७६ टक्क्यांवरून २०२०-२१ मध्ये ४.२ टक्क्यांवर गेले, याचा उल्लेख त्या वेळी मोठ्या अभिमानाने होत असे. मला तो अभिमान थोडा घाईचा वाटला, कारण त्या वर्षी जीडीपीच आकुंचन पावला होता आणि छेद लहान झाला की प्रमाण आपोआप फुगते. पुढे २०२३-२४ मध्ये हा आकडा पुन्हा ३.७ टक्क्यांवर आला. आरोग्य विमा मात्र टिकला, इतकेच नव्हे तर सर्वसाधारण विम्यात (आयुर्विमा सोडून इतर विम्यांत) त्याने वाहन विम्याला मागे टाकले. त्यामागे साथीच्या आठवणीइतकाच रुग्णालयांच्या वाढत्या बिलांचा आणि त्यामुळे फुगलेल्या हप्त्यांचाही वाटा असावा, असा माझा अंदाज आहे.

सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा यांवरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे. साथीची भीती ओसरलेली असताना केवळ किंमत उतरल्याने किती नवी कुटुंबे विम्याकडे वळतात, हे यापुढच्या एक-दोन वार्षिक अहवालांत दिसू लागेल.