तुम्ही विचारलंत म्हणून: नवी घेऊ की जुनी?

‘कमी पैशांत बरी सायकल हवीय. कुठली घेऊ? नवी की जुनी?’ हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. मी माझ्या सायकली स्वतः खोलतो-जोडतो, एवढंच माझं भांडवल. विचारणाऱ्याला कंपनीचं नाव हवं असतं. मी उलट त्याची उंची विचारतो, रोज किती आणि कसल्या रस्त्यावर चालवणार ते विचारतो. मग तो थोडा हिरमुसतो.

पण माप चुकलं तर बाकी सगळं वाया. सीटवर बसून खाली गेलेल्या पॅडलवर टाच टेकवा, पाय सरळ झाला पाहिजे. त्यासाठी सीट वर घेताना दांड्यावरची शेवटची खूण बाहेर यायला लागली, तर फ्रेम तुम्हाला लहान आहे. सीटवरून उतरून आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून आरामात उभं राहता आलं नाही, तर मोठी आहे. वाढत्या मापाचे कपडे शिवतात, तशी मुलांना सायकल घेऊ नये. ब्रेकपर्यंत बोटं पोचत नाहीत त्यांची.

नवी घेणार असाल तर माझं एकच पालुपद: कमी वस्तू असलेली घ्या. त्याच पैशांत सस्पेन्शन, डिस्क ब्रेक आणि २१ गिअर बसवले असतील, तर कुठेतरी हात आखडलेला असणारच, आणि तो बहुधा बेअरिंग आणि चाकांत, म्हणजे जिथे नजर जात नाही तिथे. स्वस्त सस्पेन्शन म्हणजे नुसती जड स्प्रिंग. चढावर उभं राहून पॅडल मारलंत की तुमची थोडीफार मेहनत तिला दाबण्यातच जाते. साधा चिमटा (पुढचं चाक धरणारा), साधे रिम ब्रेक (चाकाच्या कडीवर, म्हणजे रिमवर दाबणारे), सपाट रस्ता असेल तर गिअरही नकोत. रिम मात्र अॅल्युमिनियमची बघा. स्टीलची चकचकीत रिम पावसात भिजली की ब्रेक दाबूनही सायकल पुढे जात राहते.

जुन्याबद्दल बोलायचा मला जास्त अधिकार आहे, कारण मी फसलोय. माझी पहिली जुनी सायकल मी रंग बघून घेतली. घरी आणल्यावर कळलं की सीटचा दांडा गंजून फ्रेममध्ये घट्ट बसलाय. तेल ओतलं, हातोडी मारली, एक अख्खी संध्याकाळ घालवली, तो तसूभर हलला नाही. तीन महिने गुडघे हँडलला लावत फिरलो. तेव्हापासून जुनी सायकल बघायला गेलो की आधी सीट वर-खाली करून बघतो, किंमत नंतर विचारतो.

मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवतो. हँडलच्या मुळाशी कट् कट् जाणवलं तर तिथले छर्रे ढिले आहेत किंवा गेलेत. क्रँक, म्हणजे पॅडल जिला लावलेलं असतं ती दांडी, धरून आडवी हलवायची; ती ढिली लागता कामा नये. चाक उचलून फिरवायचं आणि ब्रेक पॅड आणि रिममधली फट बघायची. चाक थोडं आऊट, म्हणजे डगमगत फिरत असेल तर स्पोक ताणून निघतं, रिमच वाकली असेल तर नाही. हँडलच्या नळीला तिरपी नळी जिथे मिळते, तिथे खालच्या अंगाला बोट फिरवायचं. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल कुठेतरी समोरून आपटलीय. अशी कितीही स्वस्त मिळाली तरी मी घेत नाही.

चेनला पट्टी लावायची. दोन पिनांत अर्धा इंच, म्हणजे एका पिनेच्या मध्यावर शून्य धरलं तर १२ इंचांवर बरोबर पिनेचा मध्य यायला हवा. तो दीडेक मिलिमीटर पुढे सरकला असेल तर चेन बदलायची. तीन मिलिमीटर सरकला असेल तर सोबत फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्राचे दातेही झिजलेले असतात आणि त्यांच्यावर नवी चेन घसरते. हा खर्च किमतीतून वजा करून मागायचा. विकणाऱ्याने पट्टी बघून कपाळाला आठ्या घातल्या तरी चालेल.

टायर नवे घ्यावे लागणार असतील तर बाजूवर कोरलेला आकडा टिपून घ्या. ‘२६ इंची’ एवढ्यावर जाऊ नका. २६ × १.९५ हा टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसतो, २६ × १ ३/८ हा ५९० च्या. दोन्ही २६ च म्हणवतात आणि एकाचा दुसऱ्याला बसत नाही.

दोन्ही क्रँक जोडणाऱ्या आसाखाली बहुतेक फ्रेमवर नंबर ठोकलेला असतो. तो खरवडलेला दिसला तर गप्प मागे फिरा.

एवढं सगळं बघायला दहा मिनिटं लागतात. ती तुमच्याकडे असतील, किंवा असं बघणारं कुणी सोबत असेल, तर जुनीच घ्या, आणि टायर, केबल, ब्रेक पॅडसाठी थोडे पैसे राखून ठेवा. नसतील तर नवी, साधी. आणि पॅडल बदलणार असाल तर डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते जोर लावून बिघडवल्यावरही बरेच जण मलाच विचारायला येतात.