येझदी १२ व्होल्टवर नेताय? आधी अर्थिंग बघा

जुन्या ६ व्होल्टच्या येझदी मोटरसायकलवाल्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रार एकच, रात्री हेडलाइट म्हणजे नुसता पिवळा ठिपका आणि हॉर्न दाबला की तोही मंद, मग कुणीतरी सांगतंच की १२ व्होल्टचं किट टाक, विषय संपला. किट चांगली असतात, चेक प्रजासत्ताकातल्या वेप कंपनीचं काम तर मला फारच आवडतं, पण बऱ्याच गाड्यांत हे रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं होतं, कारण खरा दोष असतो अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट परत बॅटरीच्या मायनसला नेणाऱ्या जोडणीत.

हिशोब बघा. ३५ वॅटचा बल्ब ६ व्होल्टवर जवळपास ६ अँपिअर खातो, १२ वर ३ च्या आत. गंजलेल्या जॉइंटमध्ये अर्धा व्होल्ट पडला तर ६ मधले ८ टक्के गेले, आणि बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा खूप जास्त वेगाने पडतो, म्हणजे पाव उजेड तिथेच गेला. जुन्या येझदी बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा १९९६ ला बंद पडली, त्यामुळे तिच्या सगळ्यात शेवटच्या येझदीच्या ओरिजिनल वायरींनीही पंचविशी ओलांडलीय, त्यांच्याकडून अजून काय अपेक्षा ठेवणार!

चेक करायला मल्टिमीटर पुरतो. तो डीसी व्होल्टवर लावा, लाइट चालू ठेवा, एक प्रोब बॅटरीच्या मायनसला, दुसरा बल्ब होल्डरच्या अर्थला. आकडा शून्याजवळ पाहिजे.

नव्याने रिस्टोअर केलेल्या गाडीत तर हे हमखास सापडतं, कारण पावडर कोटिंग करंट जाऊ देत नाही आणि अर्थचा बोल्ट त्या चकचकीत कोटिंगवरच आवळलेला असतो. बोल्टखालची जागा पांढरा धातू दिसेपर्यंत खरवडायची, दातेरी वॉशर टाकायचा, आवळून झालं की वरून व्हॅसलिन. मी तर बॅटरीच्या मायनसपासून इंजिन, हेडलाइट आणि टेललाइट तिघांना वेगळी वायरच देतो, चेसिसच्या भरवशावर राहत नाही.

वायर गाडीचीच घ्या, बारीक तारांची, घरातली एकतारी अजिबात नको, ती व्हायब्रेशनने तुटते. हेडलाइटला दीड स्क्वेअर एमएम, मेन लाइनला अडीच, आणि बॅटरीला खेटून १५ अँपिअरचा फ्यूज. पुण्यात नाना पेठेत हे सगळं मिळून जातं. हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, बांधायच्या आधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, कारण स्टिअरिंगच्या मानेपाशी वायर ताणली गेली की तिथेच घासून शॉर्ट होते, वरून काही दिसतही नाही.

एवढं करूनही १२ व्होल्ट हवं असेल तर जरूर करा. जुना डायनमो ठेवून फक्त १२ चा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा) लावला तरी चालतं, पण चार्जिंग जास्त आरपीएमला सुरू होतं, म्हणजे सिग्नलला उभं असताना चार्जिंगचा लाल दिवा पेटलेला राहणार. रोज शहरात फिरणाऱ्याने म्हणून पूर्ण किटच घ्यावं असं माझं मत. इग्निशन कॉइल, हॉर्न, बल्ब, बॅटरी सगळं बदलावं लागतं. इंडिकेटर एलईडी करत असाल तर त्यांची उघडझाप करणारा फ्लॅशरही इलेक्ट्रॉनिक घ्या, जुन्याला एलईडीचा लोडच पुरत नाही. हेडलाइटला मात्र एलईडी नको, जुना रिफ्लेक्टर बारीक फिलामेंटसाठी बनवलाय, एलईडीचा उजेड त्यात फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. ३५/३५ चा, म्हणजे हाय आणि लो दोन्ही बीम ३५ वॅटचे, हॅलोजन टाका. रेग्युलेटर सीटखाली कोंडू नका, वारा लागेल अशा जागी उघड्या धातूवर बसवा.