भाजणी, भट्टी आणि बिअर

डिसेंबरात पुण्याला आले, तेव्हा पहिल्याच रात्री आमटीचा भुरका मारून झाल्यावर काकांनी विचारलं, "काय गं, पोर्टलंडमध्ये हातभट्टी लावलीयस म्हणे?" आई पोळीवर तूप सोडत होती. तिने मान वर केली नाही, त्यावरून बातमी कुठून फुटली ते कळलं.

तर काकांना दिला तोच खुलासा इथे देते. मी तिकडे अमेरिकेत घरी बिअर बनवते, भट्टी लावत नाही. भट्टीत आंबवलेलं रसायन तापवून त्याची वाफ गार करतात. बिअरमध्ये वाफ धरायची भानगडच नाही. जवाला मोड आणायचे, वाळवायचे, हलकं भाजायचं, की झालं माल्ट. नाचणीसत्त्वासाठी आई हेच करते, फक्त ती तिथे थांबते. माल्ट कोमट नव्हे, चांगल्या पासष्टेक अंशाच्या पाण्यात तासभर ठेवलं की त्यातल्या पिठूळपणाची साखर होते आणि ती साखर यीस्ट, म्हणजे आंबवणारी सूक्ष्म बुरशी, खातं. आपल्याला मिळते ती यीस्टची उष्टी बिअर.

अमेरिकेत हे घरी करायला केंद्र सरकारची परवानगी आहे. १९७८ साली जिमी कार्टर यांनी तशा कायद्यावर सही केली. दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर. विकायची मात्र नाही. काकांनी लगेच मनात भागाकार केला, "रोजचे दोन लिटर! दूध तरी एवढं घेता का?" (आपल्याकडे दारूबंदीचा १९४९ चा कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कोथरूडच्या गॅलरीत बादली मांडू नका.)

माझं शिक्षण सुरू झालं ते गेल्या वर्षी, पावसाने कंटाळून. सामानाच्या दुकानातल्या बाईंनी पहिल्यांदा माल्टचा तयार अर्क वापरायला सांगितलं. तो हुबेहूब काकवी. तसाच दाट, तसाच चमच्याला चिकटणारा. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात हा अर्क, मग तासभर उकळायचं आणि मधे हॉप्स टाकायचे. हॉप्स म्हणजे एका वेलाची हिरवी बोंडं. सुरुवातीला टाकली तर कडूपणा देतात, शेवटी टाकली तर वास. मी कॅस्केड जातीचे घेतले. ही जात आमच्या ऑरेगन राज्यातच तयार झाली आणि १९७२ मध्ये लोकांच्या हाती आली. संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. तो हुंगत उभी राहिले आणि पातेलं दुधासारखं उतू गेलं. दूध निदान पुसता येतं. ही काकवी शेगडीवर करपून दगड झाली. नवरा दोन दिवस चाकूने खरवडत होता.

उकळून झाल्यावर जे जे त्या पाण्याला लागणार ते सगळं निर्जंतुक हवं. बादली, नळी, झाकण, चमचा. इथे मला काही शिकवावं लागलं नाही. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला म्हणून आजीचे बोल खाल्लेली मी! दुकानातल्या बाईंनी अर्धा तास समजावलं ते आजीने "सोवळ्यात घे" एवढ्यात संपवलं असतं.

पण त्याच स्वयंपाकघराने मला गाळातही घातलं. इडलीचं पीठ थंडीत फुगत नाही, त्याला ऊब लागते, हे डोक्यात पक्कं. म्हणून १९ लिटरची बादली मी हीटरशेजारी ठेवली, वर शालही पांघरली. दुसऱ्या दिवशी झाकणावरच्या नळीतून असे बुडबुडे यायला लागले की मी खूश. माझ्या यीस्टला १८ ते २० अंश हवे होते. शिवाय आंबताना ते स्वतःच गरम होतं, हे मला कुठे ठाऊक? बादलीवर चिकटवलेल्या पट्टीवर २८ दिसत होतं. तीन आठवड्यांनी पहिला घोट घेतला, तर नेलपॉलिश काढायच्या बाटलीत नाक घातल्यासारखं झालं. सगळी मोरीत ओतली.

दुसरी खेप तळघरात ठेवली, गारव्यात. पहिल्या दिवशी तरंगकाट्यावर, म्हणजे रसाचा दाटपणा मोजणाऱ्या नळीवर, १.०५० आकडा होता. साखर संपत जाते तसा काटा खाली बुडत जातो आणि आकडा उतरतो. आकडा सलग दोन-तीन दिवस हलला नाही की मगच बाटल्या भरायच्या. मला घाई. १.०१८ ला भरून टाकल्या, वर फेस यावा म्हणून शंभरेक ग्रॅम साखर उकळून घातली ती वेगळीच. बाटलीत यीस्टने उरलेली साखरही खाल्ली आणि आत गॅस कोंडला. दहाव्या रात्री दोन वाजता कपाटात फटाका फुटला. काचा, फेस आणि त्याच कपाटात आईने पाठवलेली चकलीची भाजणी, चिंब. दोन किलो. आईला काहीतरी सांगणं भाग होतं. खोटं सुचलं नाही. बातमी फुटली ती अशी.

तिसरी खेप जमली. १.०५० वरून १.०१२, म्हणजे जवळपास पाच टक्के अल्कोहोल. फार थोर नव्हती, पण मोरीत नाही गेली.

हे सगळं ऐकल्यावर काका म्हणाले, "मग इथली दाखव." २००९ मध्ये डूलाली ही जागेवरच बिअर बनवणारी जागा सुरू झाली तेव्हापासून पुण्यात ताजी बिअर मिळते, पण काका कधी गेले नव्हते. मी त्यांना आणि काकूंना मुंढव्याकडच्या एका ठिकाणी घेऊन गेले. मेन्यू उघडायच्या आधी काकांनी वेटरला विचारलं, "पाणी खडकवासल्याचं की टँकरचं?" मला हसू आलं, पण प्रश्न रास्त होता. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. वेटर म्हणाला, "सर, फिल्टरचं." काकांचं समाधान झालं नाही.

गव्हाची बिअर आली. काकांनी ग्लास नाकाशी नेला, थांबले, पुन्हा हुंगला. "केळ्याचा वास येतोय." मी सांगितलं, केळं कुठेच नाही, हा त्या जातीच्या यीस्टचा वास. माझ्या पहिल्या खेपेत अशाच वासांनी ऊब मिळून ताळतंत्र सोडलं होतं, इथे त्यांना आवरून धरलंय. काकांनी एक घोट घेतला आणि मिशीवरचा फेस रुमालाने टिपला.

"शिकरण दुपारपर्यंत बाहेर राहिलं की असंच लागतं," ते म्हणाले, आणि ग्लास काकूंकडे सरकवला, "बघ गं, तुला जमेल हे."