स्टेपचे पूर्वज, महिना पाचवा: हॅशचेक बंद केलं आणि वाट लागली

मंडळी, गेल्या महिन्याची नोंद मी टाकलीच नाही. टाकण्यासारखं काही नव्हतं म्हणून नाही, उलट तीन आठवडे एका चुकीच्या पीसीएकडे (कोण कुणाच्या जनुकीय दृष्ट्या जवळ हे ठिपक्यांनी दाखवणारं चित्र) बघून मी खूश होत होतो आणि ते सांगायची लाज वाटत होती. आता चूक सापडलीय, दुरुस्तही झालीय, तर सगळं सविस्तर सांगतो. नवीन आलेल्यांचा तरी वेळ वाचेल.

नवीन लोकांसाठी एका दमात: हार्वर्डमधल्या डेव्हिड राइश यांच्या लॅबने जगभरच्या पेपरांमधला प्राचीन डीएनए गोळा करून एएडीआर नावाने फुकट ठेवलाय, तो मी उतरवून घेतलाय आणि घरच्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर यमनाया, अफानासिएवो, कॉर्डेड वेअर, सिंताश्ता या स्टेपवाल्या, म्हणजे युरेशियाच्या गवताळ पट्ट्याशी नातं असलेल्या जुन्या लोकांची छापून आलेली मॉडेल्स आपल्या हाताने परत काढून बघतोय. शोधबिध लावायचा नाहीये. २०१५ साली हाक आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये ६९ जुन्या माणसांच्या डीएनएवरून सांगितलं की जर्मनीतल्या कॉर्डेड वेअर लोकांचा साधारण ७५ टक्के वारसा यमनायाकडून आलेला आहे, तर तो आकडा माझ्या स्क्रीनवर उगवताना बघायचाय, बस. आईला अजून वाटतं मी कुणाच्या तरी पत्रिका जुळवतोय. परवा म्हणाली, "एवढं पूर्वजांचं वेड आहे तर त्र्यंबकेश्वरला जा ना, गुरुजींच्या नामावळीत आपल्या सगळ्या पिढ्या लिहिलेल्या आहेत." आता तिला काय सांगू, मी जे शोधतोय ते पाच हजार वर्षांपूर्वी व्होल्गाच्या काठी मेलेत, त्यांचं नाव कुठल्या वहीत नाही.

तर चूक. डेटा तीन फायलींत येतो: जीनो, स्निप (डीएनएमधल्या माणसागणिक बदलणाऱ्या एकेका अक्षराच्या जागा) आणि इंड (माणसांची यादी). जीनोमध्ये नुसते जीनोटाइप, म्हणजे त्या जागांवर काय वाचलं त्याचे आकडे, त्यात कुणाचं नाव नाही. कुठले आकडे कुणाचे हे ठरतं फक्त इंड फाइलमधल्या ओळींच्या क्रमावरून. पहिली ओळ म्हणजे पहिला माणूस, दुसरी म्हणजे दुसरा, संपलं. मी आधुनिक युरोप आणि मध्य आशियातले नमुने वर आणि स्टेपचे जुने नमुने खाली अशी एक छोटी फाइल कापून घेतली होती. जुन्यांची लेबलं जरा लांबलचक होती, ती सोपी करावी म्हणून इंड फाइल एक्सेलमध्ये उघडली. आणि मी दिवसभर जीएसटीची जुळवणी करणारा माणूस, एक्सेल दिसलं की बोटं आपोआप सॉर्टवर जातात. खालच्या शे-दीडशे ओळी लेबलनुसार सॉर्ट केल्या, सेव्ह, बंद. मला आठवतही नव्हतं मी असं काही केलं ते.

पुढे पीसीए काढणारा स्मार्टपीसीए हा प्रोग्राम चालवला तर एरर आला, हॅश मिसमॅच. आता हे काय तर प्रोग्राम इंड फाइलमधली नावं त्यांच्या क्रमासकट घेऊन एक आकडा काढतो आणि जीनो फाइलच्या डोक्यावर लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघतो, नाही जुळला तर पुढे जात नाही. म्हणजे बिचारा नेमकं हेच सांगत होता की बाबा ओळी हलल्यात. मी काय केलं, जरा शोधाशोध केली, पॅरामीटर फाइलमध्ये हॅशचेकपुढे "नो" लिहिता येतं असं दिसलं, लिहिलं, आणि चालू झालं ना भाऊ! जीएसटी पोर्टलवरची टू-बी यादी आणि खरेदीची बुकं जुळत नाहीत म्हणून फरकाचा कॉलमच डिलीट करणारा ज्युनियर आमच्या ऑफिसात असता तर मी त्याला काय काय बोललो असतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढा गोंधळ तर पीसीए बघताक्षणी कळायला हवा होता. नाही कळला, आणि खरी गंमत इथेच आहे. घोळ झाला तो फक्त खालच्या जुन्यांमध्ये, आणि ते सगळे एकमेकांचे भाऊबंदच. यमनायाचं लेबल अफानासिएवोच्या माणसाला लागलं तर चित्रात फरक दिसणारच नाही, कारण दोघं जनुकीय दृष्ट्या जवळजवळ एकच. कॉर्डेड वेअर आणि सिंताश्ताची अदलाबदल झाली तरी तेच. फक्त काही यमनाया युरोपच्या बाजूला सरकलेले दिसत होते, आणि मी तीन आठवडे त्यावर डोकं लावत होतो की यमनायात युरोपच्या जुन्या शेतकऱ्यांचं रक्त कुठून आलं, हे कुणालाच कसं दिसलं नाही. एक भली मोठी नोंदही लिहून ठेवली होती, तीन पानी. देवाची कृपा की टाकली नाही.

पकडलं कशाने, तर वाय क्रोमोसोमने. यमनायाच्या पुरुषांमध्ये बहुतेक करून आर-वन-बी या पितृवंशाची झेड-२१०३ ही शाखा सापडते आणि सिंताश्ताकडे आर-वन-एची झेड-९३, ते आपल्या फाइलमध्ये दिसतं का बघावं म्हणून प्रत्येक माणसाचे वायवरचे किती स्निप वाचले गेलेत ते मोजलं. एएडीआरच्या बारा लाखांच्या पॅनेलमध्ये एक्स आणि वायचे पण स्निप असतात, सॉफ्टवेअरमध्ये त्यांना २३ आणि २४ नंबर दिलेला असतो. यादी उघडली तर रशियातल्या समाराजवळच्या एका कुर्गानमधल्या (मातीच्या ढिगाखालच्या थडग्यातल्या) बाईंच्या नावापुढे हजारो वाय स्निप. म्हटलं एखादं लेबल चुकलं असेल. खाली बघतो तर आणखी एक बाई, आणखी एक, मग एका बुवांचा वाय पूर्ण कोरा. रात्रीचा एक वाजला होता, मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. मग मूळ इंड फाइल आणि माझी फाइल शेजारीशेजारी लावली आणि जुन्यांच्या दुसऱ्याच ओळीला सगळं कळलं.

तेव्हापासून नियम: इंड फाइल एक्सेलमध्ये उघडायची नाही म्हणजे नाही, लेबलं बदलायची ती आर या प्रोग्रामिंग भाषेत आयडी जुळवून, आणि प्रत्येक नवीन फाइलवर पहिलं काम म्हणजे इंडमधलं लिंग आणि वायचे स्निप ताडून बघणं. दोन मिनिटं लागतात.

दुरुस्तीनंतर पीसीए परत काढला. आधुनिक लोकांवरून अक्ष काढायचे आणि जुन्यांना त्यावर प्रोजेक्ट करायचं, कारण जुन्यांचा डेटा अर्धामुर्धा असतो, त्यांना अक्ष ठरवायला दिलं तर चित्र भलतीकडेच ओढलं जातं. आणि दिसलं की अफानासिएवो बरोब्बर यमनायाच्या डोक्यावर बसलेत, ठिपके वेगळे करायला रंग बदलावा लागला. हे पेपरमध्ये दहा वेळा वाचलेलं असलं तरी स्वतःच्या मशीनवर बघताना अंगावर काटा आला. यमनाया व्होल्गा-डॉनकडचे, अफानासिएवो दक्षिण सैबेरियातल्या अल्ताय आणि मिनुसिन्स्कचे, मधे अडीच-तीन हजार किलोमीटर गवत, काळ इ. स. पू. ३३०० ते २५०० च्या आसपासचा. आणि वाटेत कझाकस्तानात बोताईची घोडेवाली वस्ती, तिच्याशी म्हणावी तशी सोयरीकच नाही. मी मुद्दाम क्यूपीअ‍ॅडममध्ये (कुणाचा वारसा कुणाकडून किती आला हे काढणारा प्रोग्राम) अफानासिएवोसाठी यमनाया अधिक बोताई असं मॉडेल दिलं, तर बोताईचा वाटा शून्याच्या आसपास लोंबकळत राहिला. एकटे यमनाया पुरतात. बोताईच्या घोड्यांचीही तीच कथा, २०१८ मध्ये कळलं की ते आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज नव्हेतच, ते निघाले प्रझेवाल्स्कीच्या घोड्यांच्या घराण्यातले. आपल्या आजच्या घोड्यांचं मूळ २०२१ च्या पेपरात २७३ जुन्या घोड्यांच्या जीनोमवरून खालच्या व्होल्गा-डॉन भागात सापडलं आणि ते पसरले इ. स. पू. २२०० च्या पुढे. म्हणजे अफानासिएवोवाले अल्तायला गेले ते बहुधा बैलगाड्या आणि गुरंढोरं घेऊन, रमतगमत. आपल्याकडे धनगरांचा वाडा मेंढरं घेऊन निघतो तसं काहीसं डोळ्यासमोर येतं, फक्त हे परत फिरले नाहीत. दातांवरच्या किटणात दुधाची प्रथिनं सापडलीत त्यांच्या, त्यावर वेगळी नोंद लिहीन कधीतरी.

कॉर्डेड वेअरचा आकडा: सोर्स म्हणून समाराचे यमनाया आणि पोलंडकडचे ग्लोब्युलर अ‍ॅम्फोरा नावाचे शेतकरी लोक. यमनाया सत्तरच्या पुढे आला, ७५ एररच्या आत. पेढे.

आता दुसरा घोळ. हा चूक म्हणण्यापेक्षा हाव होता. स्टेपचा शेवटचा टप्पा म्हणून पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातले लोहयुगातले नमुने घेतले, इ. स. पू. १२०० आणि त्यानंतरचे. २०१९ च्या सायन्समधल्या नरसिंहन यांच्या पेपरात, ज्यात ५२३ नवीन जुनी माणसं एकदम आली, त्यांच्यात सिंताश्ता-आंद्रोनोवोकडच्या स्टेपचा वाटा दाखवलाय. दुसरा सोर्स त्यांनी सिंधू परिघातले (सिंधू संस्कृतीच्या बाहेर सापडलेले, पण तिकडच्या वारशाचे) म्हणून तुर्कमेनिस्तानातलं गोनूर आणि इराणमधलं शहर-ए-सोख्ता इथल्या ११ जणांमधून घेतलाय. मला वाटलं, आपण थेट हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या गावातली बाई का नाही घ्यायची? डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या टीमने खणलेली, त्याच वर्षी सेल या नियतकालिकात छापून आलेली, पुण्याशी नातं, मस्त. मॉडेल चालवलं, पी-व्हॅल्यू (फार छोटी आली तर मॉडेल नापास) ०.६ च्या वर! म्हटलं जिंकलो.

मग सहज म्हणून सिंताश्ता काढून यमनाया टाकले. पास. यमनाया काढून कॉर्डेड वेअर टाकले. पास. शेवटी चिडून अनातोलियाचे, म्हणजे तुर्कस्तानातले जुने शेतकरी टाकले, तेही पास! तेव्हा ट्यूब पेटली की हा पेपर सोपा आहे म्हणून सगळे पास होतायत. राखीगढीला ६१ नमुने तपासून एकाच बाईचा डीएनए कसाबसा हाती लागला, शंभरच्या वर लायब्ऱ्या (वाचायला तयार केलेले डीएनएचे संच) बनवून, तरी बारा लाखांतले साधारण ३१ हजारच स्निप वाचता आले. आणि अ‍ॅडमिक्सटूल्स टू या सॉफ्टवेअरमध्ये एफ-टू (दोन गटांमधल्या फरकाचे आकडे) काढताना मॅक्समिस शून्य ठेवलं की जे स्निप सगळ्या गटांत आहेत तेवढेच धरतो. त्या एका बाईपायी माझे बाकीच्यांचे लाखो स्निप केरात गेले, तीस हजाराच्याही खाली उरले. स्क्रीनवर आकडा लिहिलेला होता की, मी चहा आणायला गेलो होतो.

पी-व्हॅल्यूबद्दल जे मला आधी नीट कळलं नव्हतं ते असं, की मोठी पी म्हणजे मॉडेल बरोबर असं नाही, नाकारायला पुरेसा पुरावा हातात नाही एवढंच. डेटा कमी असला की कशालाच नाकारता येत नाही. त्यामुळे पीच्या आधी स्टँडर्ड एरर बघा. माझ्याकडे वाटा ३० टक्के आणि एरर अधिक-उणे २० होता, म्हणजे दहा पण चालेल आणि पन्नास पण चालेल, याला उत्तर म्हणतात का! सिंधू परिघातले ११ घेतल्यावर एरर खाली आला आणि अनातोलियावाले धडाधड नापास झाले, तेव्हा कुठे जीवात जीव आला.

राखीगढीच्या बाईत स्टेपचा अंश नाही आणि नंतरच्या स्वातवाल्यांत आहे, एवढी साधी काळाची रांग आहे. यावरून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांनी आणि मेहुण्याने जे रामायण घडवलं ते इथे नको. दोघांनीही पेपर उघडलेला नाही.

छोट्या गोष्टी: एसजी म्हणजे शॉटगन (सगळा डीएनए सरसकट वाचलेले) आणि बाकीचे कॅप्चरचे (ठरावीक स्निप पकडून वाचलेले) नमुने एकाच गटात मिसळू नका, पद्धतीतला फरक वारशासारखा दिसायला लागतो. आणि जुन्या, यूडीजी (सडलेली अक्षरं काढणारं एन्झाइम) न वापरलेल्या नमुन्यांत टोकाकडचे सी हे टी म्हणून वाचले जातात, सायटोसीन सडून युरासिल होतं म्हणून, तर शंका आली की ट्रान्झिशन (सी-टी आणि जी-ए असे बदल असलेले स्निप) काढून नुसत्या ट्रान्सव्हर्जनवर, म्हणजे उरलेल्यांवर, परत चालवा. स्निप कमी उरतात, पण उत्तर हललं नाही तर झोप लागते.

पुढच्या महिन्यात दोन कामं. एक, फेब्रुवारी २०२५ च्या लाझारिदिस पेपरातले ४३५ जण. यमनायाचा साधारण चार-पंचमांश वारसा कॉकेशस आणि खालच्या व्होल्गाच्या मधल्या लोकांकडून आलाय असं त्यात आहे, ते काढून बघणार. दुसरं माझं खरं वेड: अँक-आयबीडीच्या (डीएनएचे सारखे लांब तुकडे शोधून जुनी नाती काढणारा प्रोग्राम) पेपरात दोन अफानासिएवो माणसं आहेत, एक मध्य मंगोलियात पुरलेलं, एक दक्षिण रशियात, मधे सुमारे १४१० किलोमीटर म्हणजे नाशिकहून दिल्लीपेक्षाही लांब, आणि दोघं पाचव्या डिग्रीचे नातलग. पणजोबा-पणजी एक असलेली भावंडं असतात ना, तेवढं नातं. आईला हे सांगितलं तर तिने पहिल्यांदाच लॅपटॉपकडे नीट बघितलं, म्हणाली, "मग त्यातलं मूळ गाव कुणाचं?"

ते मला अजून काढता येत नाही, कारण अँक-आयबीडीला आधी जीनोम इम्प्युट करून (न वाचलेल्या जागा अंदाजाने भरून) लागतात आणि माझा लॅपटॉप एका क्रोमोसोमलाच पंखा फिरवत आचके देतो. कुणाकडे ३२ जीबीचं मशीन रात्री रिकामं पडत असेल तर सांगा, फायली मी तयार करून देतो. इंड फाइलच्या ओळी तपासून.