कानशीची स्प्रिंग

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझं टूल अँड कटर ग्राइंडिंगचं वर्कशॉप आहे. कारखान्यांची एंडमिल, रीमर, पंच असली हत्यारं धारेला येतात, त्यावर पोट चालतं. बाहेरच्या माणसाला धार लावणं म्हणजे घासणं वाटतं. खरं काम असतं कोन राखायचं आणि पोलाद तापू न देण्याचं. पात्यावर एकदा निळी झाक आली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं म्हणून समजा. मग कितीही धार लावा, टिकत नाही. रस्त्यावरच्या कोरड्या चाकावर अशी किती चांगली पाती वाया गेली असतील, याचा विचार केला की जीव तुटतो.

खिशातले चाकू माझ्याकडे यायला लागले ते ऐरोलीत आयटीत नोकरी करणाऱ्या एका मुलामुळे. त्याला नाद एकाच जातीचा: जुन्या पद्धतीचे, घडीचे आणि सडपातळ. फ्रान्सच्या थिएर गावात १९२९पासून बनणारा डूक-डूक त्याच्याकडे आहे. एक पत्रा दुमडून केलेली मूठ, एक पातं, एक स्प्रिंग, की झाला चाकू. जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी आहे, त्याला तर स्प्रिंगच नाही. पातं नुसत्या घर्षणावर राहतं आणि मागचा छोटा दांडा अंगठ्याने दाबून धरायचा. हल्लीच्या जाडजूड, काळ्या, लढाईला निघाल्यासारख्या चाकूंकडे तो बघतही नाही, आणि त्याचं बरोबर आहे. साडेतीन-चार मिलिमीटर जाडीचं पातं सफरचंदात घातलं तर ते कापत नाही, फोडतं. पाठीला पावणेदोन मिलिमीटर असलेलं पातं अलगद पार होतं.

हे चाकू तो डब्यात घालून, बॅगेच्या तळाशी ठेवून आणतो. पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेश वरचेवर निघतात, त्यात चाकू-सुऱ्यांचा उल्लेख असतो. खिशात घालून ट्रेनने फिरू नकोस, हे मीच त्याला बजावलंय.

त्या दिवशी त्याने आणला तो इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा चाकू. चोर बाजारातून घेतलेला, त्याच्या संग्रहातला सर्वांत लाडका. मिटल्यावर जाडी जेमतेम नऊ मिलिमीटर, दोन टोकांना दोन पाती, मुठीला म्हशीच्या शिंगाच्या काळ्या पट्ट्या. मोठ्या पात्याच्या बुडावर कंपनीची खूण, चांदणी आणि माल्टिज क्रॉस, आणि ‘कटलर्स टू हिज मॅजेस्टी’, म्हणजे राजाचे चाकूवाले. व्हिक्टोरिया राणी १९०१ साली वारली, तेव्हा चाकू बहुधा त्यानंतरचा, गादीवर राजा असतानाचा. पावसाळ्याची दमट हवा आणि कुणीतरी घातलेलं खोबरेल यांनी आत घात केला होता. खोबरेल कालांतराने खवट होतं, धूळ धरतं, खाली गंज वाढतो. छोट्या पात्याची पिन गंजून पातं हलायला लागलं होतं.

“काका, पॉलिश अजिबात नको. फक्त हलणं काढा.”

एवढ्यासाठी मला हा मुलगा आवडतो. बफवाल्याकडे दिलेला जुना चाकू आरशासारखा होऊन येतो खरा, पण शिक्का अर्धा पुसलेला, कडा गोल झालेल्या.

असा चाकू उघडायचा म्हणजे पिना काढायच्या. त्यांना स्क्रू नसतात, दोन्हीकडून ठोकून डोकी पसरवलेली असतात. टोकाच्या धातूच्या टोपात तर पिन घासून इतकी एकजीव केलेली असते की भिंगातूनही कड सापडत नाही. मधली पिन शिंगातून जाते, तिथे जोर लावला की शिंग तडकलंच. बारीक ड्रिलने पिनेचं फक्त डोकं खायचं, मग पंचाने हलके हलके बाहेर ढकलायची. या चाकूत मधल्या पिनेचं डोकं किंचित मोठं होतं. आधी कुणीतरी उघडलाय, अशी शंका तिथेच आली.

आत पितळी पत्र्यांवर हिरवा थर, मध्ये स्प्रिंग. स्प्रिंगची बाजू पुसली आणि उजेडात तिरकी धरली, तर तिच्यावर बारीक तिरप्या रेघा. एकमेकींना छेदणाऱ्या, सारख्या अंतराच्या. त्या रेघा मी रोज हातात धरतो. कानशीचे दात होते ते, घासून जवळजवळ नाहीसे केलेले.

म्हणजे शेफील्डची स्प्रिंग कधीतरी तुटली आणि कुणीतरी जुन्या कानशीतून नवी केली. हे किती अवघड आहे ते सांगतो. कानस इतकी कडक की तिच्यावर दुसरी कानस चालत नाही. आधी तापवून, सावकाश थंड करून ती मऊ करायची. मग कापायची, भोक पाडायचं, आकार द्यायचा. मग पुन्हा लाल करून तेलात बुडवायची. त्यावर ती काचेसारखी ठिसूळ होते, म्हणून परत बेताने तापवायची, निळा रंग चढेपर्यंत. पात्याला जे निळेपण मारतं, तेच स्प्रिंगला तारतं. अलीकडे थांबलात तर ती मोडते, पलीकडे गेलात तर वाकून तशीच राहते.

त्यातून ही एकच स्प्रिंग दोन पात्यांना पुरते, मधल्या पिनेवर तोललेली. भोक केसभर इकडेतिकडे गेलं की एक पातं नखाने उघडत नाही आणि दुसरं ढिलं पडतं. सगळं साफ करून, तात्पुरत्या पिना घालून, सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, मापाचा डायल लावला. पाती उघडी असताना आणि मिटलेली असताना स्प्रिंगच्या पाठीत फरक पॉइंट झिरो टू मिलिमीटर. सीएनसीवरचे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरचे, जॉब मी याहून वाईट पाहिलेत. या कारागिराचं नाव चाकूवर कुठेही नाही.

मुलगा संध्याकाळी आला. मी हौसेने त्या रेघा दाखवल्या. त्याचा चेहरा पडला.

“म्हणजे हा ओरिजिनल नाही?”

“अरे, पाती, मूठ, पत्रे सगळं त्यांचंच आहे. स्प्रिंग फक्त आपल्याकडच्या कुणाची तरी असावी.”

त्याने बॅगेतून दुसरा रॉजर्स काढला, मोडक्या पात्याचा, तेवढ्याच लांबीचा. या मोडक्याची स्प्रिंग त्या चाकूत घाला म्हणाला. मी लावून दाखवली. मधलं भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं. शेफील्डमध्ये भाड्याच्या खोल्यांत बसून काम करणारे छोटे कारागीर, लिटल मेस्टर्स, प्रत्येक चाकू हाताने जुळवत. एकाचा भाग दुसऱ्याला जसाच्या तसा बसेल ही अपेक्षाच चूक आहे. बसवायचा तर पात्याचं बूड घासावं लागलं असतं. ते मी करणार नाही म्हटलं.

“तुला यातलं सगळ्यात काय आवडतं?” मी विचारलं.

“त्याचा टक् आवाज,” तो म्हणाला.

तो आवाज त्या स्प्रिंगचाच आहे, हे मी त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही. मी नवीन जर्मन सिल्व्हरच्या पिना घातल्या, छोट्या हातोडीने टिचक्या मारत डोकी बसवली, शिंगाला इजा झाली नाही. चाकू पूर्वीसारखाच वाजला. पैसे देऊन तो गेला.

काही दिवसांनी तो पूर्ण डबा घेऊन आला. सगळे चाकू उघडून आतल्या स्प्रिंगा तपासून द्या म्हणाला. मी नाही म्हटलं. चालता चाकू मी उघडत नाही. दर वेळी पिन काढली की भोक थोडं मोठं होतं, आणि इतक्या बारीक चाकूत भोकाभोवती धातू असतोच किती? नाव खरं आहे की नाही हे बघायला चांगला जोड मोडायचा, हे माझ्याच्याने होणार नाही. संग्रह करणाऱ्यांचं कागदावरच्या खरेपणावर इतकं प्रेम का असतं, मला कळत नाही.

त्याला राग आला. रबाळ्यात एक जण करून देतो म्हणाला. त्या माणसाचं काम मी पाहिलंय. पिना तो ग्राइंडरने उडवतो. हे मी त्याला सांगितलं, पण ते माझ्याच धंद्याचं बोलणं वाटलं असणार. त्यानंतर तो आलेला नाही. फोन करावा, निदान तो कानशीवाला चाकू तरी रबाळ्याला देऊ नकोस एवढं सांगावं, असं रोज वाटतं.