सगळे आकडे आठच्या पाढ्यातले

गुरुवारी दुपारी सरांचा फोन. "अगं, निरोगी गटाचाही हिप्पोकॅम्पस आकसलाय?"

आकसला होता खरा. अल्झायमरमध्ये हा मेंदूतला आठवणींचा भाग वर्षाला ४-५ टक्के झिजतो, धडधाकट ज्येष्ठांत टक्का-दीड टक्का. आमच्या तक्त्यात मात्र दोन्ही गट सारखेच घसरलेले. स्कॅनला आले की माझ्याशी क्रिकेटवरून वाद घालणारे आजोबासुद्धा.

पहिला संशय एमआरआय मशीनवर. पण स्कॅनर तोच, सिक्वेन्स म्हणजे स्कॅनची सेटिंगही तीच. मूळ स्कॅन उघडून दोन तास पाहत बसले, काही हाती लागेना. शेवटी कंटाळून नुसते आकडे वाचत सुटले. गेल्या वर्षीचे: ३१४४, ३३५२, २९६८ घनमिलिमीटर. सगळे आठच्या पाढ्यातले! यंदाचे मात्र कसेही: ३०१७, २८५१.

सेगमेंटेशनआधी, म्हणजे सॉफ्टवेअरने मेंदूचे भाग वेगळे करून मोजण्याआधी, आम्ही प्रत्येक मेंदू एमएनआय १५२ या प्रमाण सरासरी मेंदूच्या टेम्प्लेटच्या चौकटीत बसवतो. फक्त फिरवून-सरकवून, ताणत नाही. गेल्या वर्षी स्क्रिप्टमध्ये २ मिमीची फाइल होती, ९१ × १०९ × ९१ व्हॉक्सेलची, म्हणजे चित्र बनवणाऱ्या इवल्या ठोकळ्यांची. दोनाचा घन आठ, म्हणजे एकेक ठोकळा आठ घनमिलिमीटरचा. मधे सर्व्हर बदलला, तेव्हा १ मिमीची फाइल आली, १८२ × २१८ × १८२. आली कसली, 'जरा चांगली' म्हणून मीच टाकली होती.

तरी एक गोष्ट डाचत होती. मोजमाप जाडंभरडं असेल तर काही आकडे वर जावेत, काही खाली. सगळेच एका बाजूला कसे झुकले? आजोबांचा स्कॅन दोन्ही रिझोल्यूशनला शेजारी-शेजारी लावला. १ मिमीत हिप्पोकॅम्पसलगत वेंट्रिकलच्या, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या, टोकाची काळी चीर स्वच्छ दिसत होती. २ मिमीत ती गायब, तिच्या जागी करड्या चौकोनांची ओळ. टी-वन या आमच्या प्रकारच्या स्कॅनमध्ये पाणी काळं, श्वेतद्रव्य (मेंदूतल्या तंतूंचा भाग) उजळ, हिप्पोकॅम्पस करडा. दोन्ही एकाच व्हॉक्सेलमध्ये कोंबले की सरासरी येते करडी, आणि सॉफ्टवेअर ते करडं हिप्पोकॅम्पसच्या खात्यात टाकतं. यंदा कुणी आकसलं नव्हतं, गेल्या वर्षीच सगळे फुगले होते.

सरांना फोन करून चूक सांगितली. "बरं झालं, पेपर गेला नव्हता," एवढंच म्हणाले. दोन्ही वर्षांचे स्कॅन रात्रभर १ मिमीवर पुन्हा चालवले.

सकाळी आजोबांची घट टक्क्याच्या आत. बाकीचेही जागेवर आले. निरोगी गटातल्या एका आजींचा आकडा मात्र चार टक्क्यांच्या वरच राहिला. मी स्क्रिप्ट तीनदा तपासली. मग सरांनी खुर्ची ओढली आणि तो स्कॅन स्वतः पाहायला घेतला.