परीकथेतला काळोख मुळातलाच
आज मालवणात दिवसभर पाऊस आणि हातात ग्रिम बंधूंच्या परीकथा. १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई! १८१९मध्ये तिची सावत्र आई झाली. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७च्या कथेत लांडगा लाल टोपीवालीला खातो आणि गोष्ट संपते, सुटका नाहीच. जुन्या परीकथा नव्याने सांगणारी काळोखी पुनर्कथनं आवडतात ती यासाठी, पुसलेली भीती ती परत जागेवर ठेवतात. नुसतं रक्त वाढवलं की मात्र फसतात. लाल टोपीवालीची गोष्ट नव्याने लिहिताना 'वाट सोडू नकोस' हा नियम तसाच ठेवावा, तो मोडण्याचं कारण बदलावं. लांडग्याऐवजी आपला चकवा आणायचा तर त्याचीच रीत हवी: तो खात नाही, रात्रभर त्याच रानात फिरवत ठेवतो. मग शेवटही नवा लिहावा लागतो.